डाव्या पल्ल्यावरचा फुगा

बाबा आमच्याकडे राहायला येणार होते, म्हणून मी कपाटाच्या दारांचं काम काढलं. सुरुवात एवढीच. यात भिण्यासारखं काही होतं का? तुम्हीच सांगा.

घर भाड्याचं. मागच्या खोलीत भिंतीत बसवलेलं दोन पल्ल्यांचं लाकडी कपाट, आणि त्यावर चिकटवलेली तपकिरी प्लॅस्टिकची फिल्म कडांना अशी सुटलेली की जाता-येता ओढणी अडकायची. मी दुकानातून मागे गोंद असलेली, फिकट रंगाची एक गुंडाळी आणली. नवरा म्हणाला, "तू लाव, मी कौतुक करतो," आणि कामावर निघून गेला. मी हेअर ड्रायरच्या गरम हवेने जुनी फिल्म सैल करत सोलायला बसले.

डाव्या पल्ल्यावर एक भोक दिसलं. हरभऱ्याएवढं, ब्लेडने गोल कापलेलं. खाटेवर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. म्हटलं, कधीकाळी कडी असेल. पण तपकिरीच्या खालून निळी फिल्म निघाली, आणि तिलाही त्याच जागी भोक. निळीच्या खाली फुलाफुलांची. तिलाही. एकाच वेळी आरपार कापली असती तर कडा जुळल्या असत्या. त्या जुळत नव्हत्या. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या हातांनी कापलेली भोकं होती ती. आणि सगळ्यात खालचं लाकूड मात्र अखंड. नखाने खरवडून पाहिलं, टाचणी टोचून पाहिली. आतल्या बाजूनेही कोरं. चीरसुद्धा नाही.

मी खांदे उडवले, लाकूड घासून पुसून घेतलं आणि नवी फिल्म लावली. प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत गेले. एक सुरकुती नाही. स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी फुगा होता. सुईने टोचला, हवा काढली, बोटाने दाबून बसवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

त्याच दिवशी बाबा आले.

बाबांविषयी सांगायला हवं. चाळीस वर्षं त्यांनी सायकली दुरुस्त केल्या, पंक्चरं काढली. आता त्यांच्याच छातीत हवा राहत नव्हती. दादाच्या घराला तीन जिने, आमचं घर तळमजल्यावर, म्हणून ते इकडे आले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एवढा हिवाळा निघाला तरी पुष्कळ." खोलीतून बाथरूमपर्यंत जाताना बाबा दोनदा थांबायचे. बोलणंही तुटक झालं होतं. कशात म्हणून लक्ष नाही.

खाटेवर टेकले आणि पहिली नजर गेली ती फुग्यावर.

"हे काय गं? इतकं सुबक काम... आणि इथे चुकलीस?"

"लाकडाला ओल असेल, बाबा."

त्यांनी तळवा फुग्यावर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "वाटीत साबणाचं पाणी आण."

कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःहून काही मागितलं होतं. मी पळतच गेले. त्यांच्या दुकानात ट्यूब तपासायची असली की ते साबण लावत. जिथे फेस फुगेल तिथे भोक. त्यांनी बोट बुडवून माझ्या सुईच्या टोचणीवर पाण्याचा थेंब फिरवला.

थेंब फुगला. मोत्याएवढा झाला. मग हळूहळू बसला, सपाट झाला... आणि आत ओढला गेला. थोडा थांबला. पुन्हा फुगला.

"पंक्चर नुसती हवा सोडतं," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "हे आत पण घेतंय."

खरं सांगते, भीती नंतर आली. आधी आली ती उत्सुकता. आम्ही पल्ला सताड उघडला, खोलीच्या मध्ये आणला. दोन बोटं जाडीचं लाकूड, अलीकडे मी, पलीकडे बाबा. पलीकडे काहीच नाही. अलीकडे थेंब आपला संथपणे फुगतोय, बसतोय. मी नाक जवळ नेलं. नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो ना, तसला कोमट वास आला.

मी मागे सरले. "ठिगळ लावते मी वरून. जाड."

"ठिगळ नको. कोंडून मारशील त्याला."

"कोणाला, बाबा?"

त्यांनी माझा कटर उचलला आणि फुग्याच्या जागी फिल्म गोल कापून काढली. हात जराही थरथरला नाही. हरभऱ्याएवढं भोक झालं.  त्या तीन हातांना हा चौथा हात मिळाला होता.

पुढचे दिवस बाबा एकदम रमले. दारावरचा उघडा ठिपका ओला करायचे, घड्याळ लावून मोजायचे. पहाटे सावकाश चालतं, ऊन वाढलं की जरा जलद, कुणी मोठ्याने बोललं की थांबतं. मला बोलावून दाखवायचे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सासरेबुवांना दुकान मिळालं म्हणा की!" मीही हसले. बाबा नीट जेवत होते, आणखी काय हवं होतं?

मग ती दुपार. मी स्वयंपाकघरात होते. मागून पितळी भांडं पडल्याचा आवाज आला. धावले. बाबांना दम लागला होता, असा की आवाजच नाही; ओठ निळे, डोळे वर. श्वासाच्या औषधाचा पंप खाटेखाली कुठेतरी गेलेला. मी गुडघ्यावर बसून हात घालून चाचपडत होते... वर पाहिलं तर बाबांनी तोंड दाराला लावलं होतं. त्या भोकाला.

"बाबा! नका... बाजूला व्हा!"

मी खांद्याला धरून ओढलं. त्यांनी मला झिडकारलं. त्या हातात तेवढं बळ कुठून आलं, माहीत नाही. गाल आत-बाहेर होत होते. कपाटाचा पल्ला बिजागरीवर बारीक कुरकुरत होता, त्याच तालावर. मी पंप मुठीत धरून नुसती पाहत राहिले. हळूहळू ओठांचा निळेपणा गेला, कानांच्या पाळ्यांवर रंग चढला. मग ते मागे झाले, तोंड पुसलं.

"ते सोडायचं, तेव्हा मी घ्यायचो," म्हणाले.

"आणि तुम्ही सोडायचात तेव्हा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. हा विचार त्यांच्याही मनात आताच आला असावा, असं.

संध्याकाळी त्यांनी तिथे साबणाचं पाणी लावलं. थेंब हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी भोकावर फिल्मचा तुकडा चिकटवला. तो काचेसारखा सपाट बसला तो बसलाच. बाबा मग एका सकाळी उठून चौकापर्यंत चालत गेले आणि न थांबता परत आले. पंधरा दिवसांत दादाच्या घरचे तीन जिने चढले. दादा फोनवर रडला. मीही रडले, आणि प्रश्न विचारायचं सोडून दिलं. बऱ्या झालेल्या माणसाची कोण उलटतपासणी घेतं?

हिवाळा सरला तेव्हा त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या खूश झाल्या. पाठीला स्टेथोस्कोप लावला. "दीर्घ श्वास घ्या... सोडा. छान. आता रोखून धरा."

बाबांनी श्वास रोखला.

त्या ऐकत राहिल्या. कपाळाला आठी पडली. "रोखा म्हटलं ना, काका."

बाबांचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांनी हात वर नेऊन नाकही चिमटीत धरलं. बाईंनी चकती पाठीवर खाली सरकवली, उजवीकडे, मग पुढून छातीवर. चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी कानातली टोकं काढून माझ्या कानांत घातली.

बाबांची छाती हलत नव्हती. शर्टाची गुंडीसुद्धा जागची ढळत नव्हती. आणि आत कुणीतरी आरामात श्वास घेत होतं. घेत होतं... सोडत होतं...

बाबांना राहवेना. त्यांनी नाक सोडलं आणि मोठ्याने हवा आत ओढली.

त्या क्षणी आतला आवाज थांबला. कुणाची तरी चाहूल लागल्यासारखा.