भिंतीपलीकडचा बागेश्री

"डॉक्टरकी सोडली मी, ताई. तिथंच गाण्याच्या कॉलेजात नाव घातलं," सलील ताटाकडे पाहत म्हणाला, आणि भात वाढायला वाकलेली पद्मजा वाकलेलीच राहिली...

दोघांचे बाबा नंदकिशोर अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुऊन पुढच्या खोलीत जाऊन बसले. फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकायला जाऊन दोन वर्षांनी आलेल्या या मुलाला यवतमाळची अख्खी गल्ली आधीच डॉक्टरसाहेब म्हणू लागली होती. शेजारच्या बायकांनी तर आपली गुडघेदुखी त्याच्यासाठी राखून ठेवली होती!

पद्मजाच्या मनात मात्र ते जुनं वर्ष उभं राहिलं. कापसाची खरेदी केंद्रं बंद पडली, तिथं कापसाची प्रत ठरवणारे, ग्रेडर असलेले बाबा घरी बसले, आणि त्याच उन्हाळ्यात तिला अमरावतीला संगीताच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. आई तर केव्हाच गेलेली. दोघांचं शिकणं जमणार नव्हतं. मी नाही जात, असं तिनंच सांगून टाकलं आणि जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात नोकरी धरली. पद्मजा समजूतदार आहे, असं सगळे म्हणाले. समजूतदार माणसाला या घरात त्याहून जास्त काही मिळत नसे. रुईची धूळ घशात बसत गेली. आधी खोकला, मग वरचा सा लागेना, मग तिनं तंबोराच देऊन टाकला... त्या दिवशीही तिनं वेळेवर स्वयंपाक केला होता.

सलील भीत भीत सांगत होता. तिकडे विद्यापीठात गाण्याचं वेगळं कॉलेज असतं, घराघरात, चर्चमध्ये, लग्नात सगळे मिळून गातात, गाणं शिकून काय करणार असं कोणी विचारत नाही. ती ऐकत होती, आणि तिच्या थकलेल्या जिवाला आता रागसुद्धा जड होत होता.

"तू डॉक्टर व्हावा म्हणून मी गाणं सोडलं," ती शेवटी म्हणाली. "अन् तू गाण्यासाठी डॉक्टरकी सोडली. मंग मी काहून सोडलं रे? सांग ना."

सलील हलकेच म्हणाला, प्रवेशाच्या वेळी तिथल्या मॅडमनी ‘तुझ्या घरचं काही गा’ म्हटलं, तेव्हा त्यानं तिचाच बागेश्री राग गायला होता. त्याला कोणी शिकवला नव्हता. भिंतीपलीकडे अभ्यास करताना तिच्या रियाजातून तो आपोआप पाठ झाला होता.

"मॅडम म्हणाल्या, पुढचं गा. मले पुढचं येतच नव्हतं."

"काहून? पूर्ण बंदिश गात होती मी."

"नाई, ताई. स्थायी झाली अन् तू अंतऱ्याले लागली, का घरातून कोणी तरी तुले हाक मारे. बाबाले चहा पाहिजे, नाई तर मलेच भूक लागे. मी अंतरा कधी आयकलाच नाई. मॅडमले तेच सांगतलं... आमच्या ताईले आम्ही इथवरच गाऊ दिलं. परीक्षेत मले तोच गायचा हाय. दुसऱ्या कोनाकडून नाई शिकत मी."

पद्मजा त्याच्यासमोर बसली. इतक्या वर्षांत कोणी तिच्या दुःखाला असं नेमकं बोट लावलं नव्हतं... आणि ज्यानं लावलं, तो तिचं गाणं ऐकत होता! ती एकटी गात नव्हती! डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

दारात नंदकिशोर येऊन उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"गा, बाई," ते म्हणाले. "आज कोनी हाक नाई मारत."

आपला आवाज गेला आहे, असं ती म्हणाली. दोघंही हलले नाहीत. मग तिनं खालच्या पट्टीत अंतरा धरला. वरच्या ‘सा’वर आवाज फाटला. सलील सावरायला पुढे झाला, पण तिनं त्याला हातानंच थांबवलं, खोकून घेतलं, आणि पुन्हा तिथूनच सुरू करून फाटक्या आवाजात अंतरा शेवटपर्यंत नेला.

"आता तू म्हण," ती म्हणाली.