शनिवारची डबी

ही गोष्ट खरी आहे. जेवताना मात्र वाचू नका, मागाहून मला बोल लावाल.

साल १९८८. औरंगाबाद. माझी नणंद भानुमती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्षयावर नवं औषध शोधत होती. तीन वर्षं खपून पांढरी पावडर जमली होती. किती? चहाचा अर्धा चमचा. ती जंतू मारते का, हे तपासायला मुंबईला पाठवायची होती. तिची पीएच.डी. त्या अर्ध्या चमच्यावर अडून होती.

दर शनिवारी दुपारी देवगाव रंगारीहून कडूबा यायचा. त्याचा क्षय कुठल्याच गोळीला दाद देईना. इथं नवं औषध बनतं, एवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं. सरकारी दवाखान्यात आधी थुंकी मागतात, मग गोळी देतात. म्हणून हा गडी तपकिरीच्या डबीत सकाळचा बेडका घेऊन एसटीनं यायचा.

डबी उघडून दाखवायचा.

हिरवट. घट्ट. वर रक्ताची तार...

"बाई, झालं का माझं औषध?"

माणसाला द्यायचं औषध व्हायला अजून दहा वर्षं तरी लागणार होती. पण एवढं समजावून सांगेपर्यंत ती डबी नाकासमोर कोण सोसणार?

"होतंय हो, कडूबा. ठेवा तिथं. पुढच्या शनिवारी या."

"लई उपकार झाले, बाई."

तो गेला की शिपाई फकिरा चिमट्यानं डबी उचलून मागं जाळून यायचा.

"ताई, गरिबाला आशेवर ठेवू नये."

"मग तूच सांग की खरं."

"म्या? मला नाय जमायचं."

दिवाळीनंतर दोन शनिवार तो आला नाही. मग फकिरानं खबर आणली.

"कडूबा गेला, ताई. दहावं बी झालं."

भानुमतीला वाईट वाटलं. आणि लाज वाटावी इतकं सुटल्यासारखंही वाटलं.

पुढच्या शनिवारी पावडर काचेच्या बशीत वाळत ठेवून ती डबा खायला गेली. परत आली, तर...

टेबलावर तपकिरीची डबी.

"फकिरा, ही कसली चेष्टा?"

"आईची आन, ताई! जिन्यातच बसलोय मी. कुणी आलं नाय."

डबी कोमट होती.

आत... ताजा.

ती बेसिनकडं धावली. सगळं जेवण पडलं. तोंड धुऊन वाकली, तर नळाच्या तोटीला काहीतरी लोंबत होतं.

हिरवट. घट्ट.

मग खोकला आला. अगदी कानाशी. ओला, खरडून काढलेला... आणि त्यामागं कुणीतरी वाट बघत थांबावं तशी शांतता.

भानुमती भिंतीला टेकली.

"कडूबा," ती म्हणाली, "ते औषध तुमच्यासाठी नव्हतंच. तुम्ही लवकर जावं म्हणून मी थाप मारली."





मग बशी टेबलावर सरकल्याचा आवाज आला... काच फरशीला घासावी तसा. आणि लपलप. ताटाला लागलेली आमटी चाटावी तशी.

तिनं मान वळवली.

बशीत कण उरला नव्हता. काचेवर जिभेचे ओले पट्टे, आणि कडेला एक लाल तार.

मुंबईला तिनं कळवलं, नमुना सांडला. पीएच.डी. दोन वर्षं लांबली.

डबी परत आली नाही. खोकलाही नाही.

अजून कधी भेटली की ती मला विचारते, "वहिनी, त्याला गुण आला असेल का गं?"

कपाळ माझं! मी काय सांगणार?