डोळे!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही भीतीची गोष्ट भर दुपारची आहे. पण वेल्डिंग करणाऱ्याला भर दुपारीही अंधार असतो. मास्क खाली ओढला की काळ्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. रॉड टेकला की वाटीएवढा उजेड पडतो आणि तेवढंच जग दिसतं.

मी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा माणूस. माझा थोरला भाऊ मात्र भंगारातून माणसं करायचा. लोक भंगार विकतात, हा विकत आणायचा! सायकलच्या साखळ्या, गिअर, नटबोल्ट... त्यातून तो असा चेहरा काढायचा की बघणारा गप्प व्हायचा, हेही खरंच. शेवटचा पुतळा बसलेल्या माणसाचा. तो करता करताच दादा शेडमध्ये कोसळला आणि गेला. पुतळ्याचं डोकं वेल्डिंगच्या नुसत्या दोन कच्च्या टाक्यांवर धरलेलं होतं, हाताचे पंजे टेबलावर तसेच पडलेले.

"भावजी, एवढं पुरं करून द्या," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना अर्धवट काम आवडायचं नाही. अंगणात ठेवीन. समोर कुणीतरी बसलेलं असेल."

त्या 'कुणीतरी'पुढे मला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी जेवून मी शेडमध्ये गेलो.

दादाच्या शेडचा एक नियम होता. रॉड टेकवण्याआधी मोठ्याने म्हणायचं, "डोळे!" मग आसपासच्यांनी तोंड फिरवायचं. स्वयंपाकघराची खिडकी शेडसमोरच, त्यामुळे वहिनीसुद्धा भाजी चिरता चिरता पाठ फिरवायच्या. मी एकदा विसरलो, तर दादा केवढ्याने ओरडला होता, "डोळे कोण म्हणणार, तुझा बाप?"

"तुझाही तोच," मी म्हणालो आणि दोघेही हसत सुटलो.

शेडमध्ये जळक्या लोखंडाचा वास अजून होता. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. सवयीने म्हणालो, "डोळे!" मास्क ओढला, मानेला रॉड टेकवला.

उजेडात पुतळ्याची हनुवटी दिसायला हवी होती. दिसला तो डोक्याचा मागचा भाग.

मास्क वर केला. चेहरा माझ्याकडेच होता, दोन्ही टाके शाबूत. म्हटलं, डोकं फिरलंय ते माझं. पुन्हा म्हणालो, "डोळे!" आणि रॉड टेकवला. पुन्हा पाठमोरं. शेडमध्ये वावरलेला माणूस निमूट तोंड फिरवतो ना, अगदी तसं.

तिसऱ्या वेळी मी मुद्दाम काही बोललोच नाही. मास्क ओढला. आणि त्या मिट्ट काळोखात, रॉड टेकायच्या आधीच, कानाशी कुणीतरी चिडून म्हणालं...

"डोळे कोण म्हणणार?"

मी शेडबाहेर पडलो, पण त्याही घाईत दादाचं वेल्डिंगचं मशीन ओढत नेऊन गाडीत टाकलं. मी नाही तर दुसऱ्या कुणाला बोलावून वहिनी काम पुरं करून घेतील, ही धास्ती होती. त्यांना सांगितलं, मशीन बिघडलंय, दुरुस्त करून आणतो.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "भावजी, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय. उघडवत नाहीत."

उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितलं की असं होतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तसाच निघालो. आत जाताना शेडमध्ये डोकावलो. पुतळ्याची मान सगळीकडून जोडलेली होती. सांधा बारीक, सरळ... तसा माझ्या हाताला जन्मात जमला नाही.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. डोळे सुजून लाल झालेले.

"कुणाला बोलावलं होतंत वेल्डिंगला?"

"कुणाला बोलावणार? मशीन तुमच्याकडे."

"मग बघितलंत काय?"

"काल भाजी चिरत होते. ह्यांनी हाक दिली... डोळे! सगळा संसार ती हाक ऐकून पाठ फिरवली, भावजी. काल नाही फिरवली."

"वहिनी!" मी ओरडलोच. "परत असं बघितलंत तर नजर जाईल!"

"जाऊ दे." त्या हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. "मान झाली. हात बाकी आहेत."

मला रडू आलं आणि भीतीही वाटली. मशीन बाहेर माझ्या गाडीत होतं, गाडीची किल्ली माझ्या खिशात. मी त्यांचा दंड धरला. "उठा. आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चला."

तेवढ्यात शेडमधून हाक आली.

"डोळे!"

अंगवळणी पडलेलं... मी तोंड फिरवलं. समोरच्या भिंतीवर निळा उजेड थरथरू लागला. वहिनींचा दंड अजून माझ्या हातात होता. तो जरासुद्धा वळला नाही.