थॉर्लिंगहर्स्टचा उच्चार

उशी बाईसाहेबांच्या पाठीमागे नीट टेकवून ठेवलेली होती, चारी कोपरे सारखे करून. पण अभ्र्यावर दातांचे वण होते, आणि त्यात कवळीचा एक दात अडकलेला होता.

सार्जंट जोसाया टिंडलनं तो दात चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात पाहिला.

"तुला कधी दिसल्या, हेस्टर?"

"चारला. चहा घेऊन आले तेव्हा." हेस्टर डॉब्स एकवीस वर्षं या घरात राबत होती. "दारात आले तरी शिवी नाही कानावर. तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय."

"घरात आणखी कोण होतं?"

"मी स्वयंपाकघरात. मागचं दार उघडंच असतं."

मिस ऑगस्टा थॉर्लिंगहर्स्ट, वय अठ्ठ्याहत्तर. मंगळवारी त्यांनी मृत्युपत्रात घर, जमीन, सगळं एडविनच्या नावे केलं आणि गुरुवारी त्या गेल्या. त्यांचा चुलत आजोबा १८४१ साली कॅनडाला गेला होता. एडविन त्याचा पणतू. सहा आठवड्यांपूर्वी तो आला, तेव्हा बाईसाहेब आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत रडल्या होत्या. आडनावाला वारस मिळाला होता.

पण एडविन दुपारभर क्रिकेटच्या मैदानात होता, साऱ्या गावादेखत. मग उरली हेस्टर. गावानं निकालसुद्धा लावून टाकला.

टिंडल स्टेशनवर गेला.

"तो कॅनडावाला उतरला तेव्हा काय म्हणाला?" त्यानं हमालाला विचारलं.

"'थर्स्टांचं घर कुठं?' म्हणाला, आपण गावात म्हणतो तस्सं. परका माणूस कागदावर वाचून 'थॉर्लिंगहर्स्ट' म्हणतो, जीभ अडखळते त्याची. हा नाही अडखळला. रक्त बोलतं, साहेब!"

तिथून तो फारमास्तरांकडे गेला. हे लुशियन फार, आठ वर्षांपूर्वी लंडनहून या गावच्या शाळेत आले होते. बाईसाहेबांनी त्यांना घराण्याचा इतिहास लिहायला बसवलं होतं.

"गुरुवारी दुपारी कुठं होता, मास्तर?"

"घरीच. लिहीत होतो."

"आडनावाचं?"

मास्तर खुलले. "थॉर्लिंग नावाच्या माणसाची टेकडीवरची झाडी, म्हणून थॉर्लिंगहर्स्ट. जुन्या दस्तांत सापडतं. आणि बोलताना झिजून थर्स्ट. पाचशे वर्षं घराणं स्वतःला थर्स्टच म्हणवतंय."

"पाचशे?"

"निदान."

शनिवारी टिंडलनं एडविन, मास्तर आणि हेस्टर तिघांनाही बाईसाहेब गेल्या त्याच बैठकीच्या खोलीत बोलावलं. दाराशी दोन शिपाई उभे केले.

"एडविन, तुमचं आडनाव काय?"

"थर्स्ट."

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. त्यांना त्यांच्या वडिलांनी."

"त्यांना ते ठाऊक असणं शक्यच नाही," टिंडल म्हणाला. "१८४९ साली या गावात पटकी आली. ओढा नासला. चांगलं पाणी एकाच विहिरीला, आणि ती या कुंपणात. थॉर्लिंगहर्स्टांनी फाटकाला कुलूप घातलं. लोक फाटकाशी तोंडं वासून मेले. माझ्या आजीच्या दोन बहिणी, हेस्टरच्या आजीची तीन पोरं. त्या उन्हाळ्यापासून गाव त्यांना थर्स्ट म्हणू लागलं. थर्स्ट. तहान. ते नाव नाही, शिवी आहे. दोन पिढ्यांत शिवीचा अर्थ त्यांच्या घरातून गेला आणि ती त्यांच्याच जिभेवर बसली. बाईसाहेबांनासुद्धा ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?"

टिंडलनं एडविनकडे बोट केलं.

"बाईसाहेबांचे चुलत आजोबा त्याआधी आठ वर्षं कॅनडाला गेलेले. त्यांचा खरा पणतू पुरं थॉर्लिंगहर्स्टच म्हणाला असता. तुम्हाला पढवलं इथल्याच कुणीतरी. हेस्टरनं? ती या मातीतली. तिनं ही चूक केली नसती. ही चूक तोच करील ज्यानं घराण्याचे सगळे कागद वाचले, पण ज्याला गावानं कधी चुलीपाशी बसवून काही सांगितलं नाही."

फारमास्तर हसले. "एका उच्चारावर मला फासावर चढवणार?"

"नाही. ते काम एडविन करील." टिंडल वळला. "दोघं फासावर जाल, की एकच? बोल."

एडविनला मिनिटभरही लागलं नाही. "उशी त्यानं दाबली! मी फक्त नाव लावायचं, निम्मं त्याला द्यायचं, एवढंच ठरलं होतं. लंडनला नाटकात छोटी कामं करायचो मी. यानंच पत्र लिहून बोलावलं. पत्रं आहेत माझ्याकडे!"

मास्तरांचा चेहरा उतरला. मग ते थंडपणे म्हणाले, "आठ वर्षं त्या बाईनं मला दारामागच्या स्टुलावर बसवून जेवू घातलं. तोंड दाबलं तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं."

शिपाई दोघांना घेऊन गेले. हेस्टर खुर्च्या जागेवर लावू लागली.

"सुटलीस," टिंडल म्हणाला. "एक सांग. स्वयंपाकघर या भिंतीला लागून आहे. तुला काहीच ऐकू आलं नाही?"

तिनं खुर्चीवरचा हात काढला नाही.

"आलं ना. टाचा आपटत होत्या फरशीवर. बराच वेळ."

"मग?"

"मग थांबल्या. त्यानंतर मी चहाचं आधण ठेवलं, जोसाया."