एकेचाळिसाव्या कागदावरची बाही

बसा, कॉफी येऊ द्या. आमच्या हवानाच्या कार्टूनखान्यात चोरी झाली होती, ती सांगतो. चोर कोण, ते तुम्हीच ओळखा.

सोमवारी सकाळी कपाट उघडलं, तर शेवटच्या प्रसंगाची शहाण्णव चित्रं गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या दोघांकडंच. एक आमच्या थोरल्या चित्रकाराकडं, उस्ताद एलिसेओकडं, दुसरी त्याच्या हाताखालच्या ओदालिसकडं. विल्फ्रेदोसाहेब तडक ओदालिसवर घसरला.

"संध्याकाळपर्यंत चित्रं आण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

पोरगी रडायला लागली. तेव्हा नेरेइदा पुढं झाली. तिचं काम चित्रांतल्या कपड्यांच्या चुण्या तपासायचं. पिक्चरचा नायक ऊसतोड्या, लांब बाह्यांचा सदरा. कोपरापाशी तीनच चुण्या. हात वाकला की दाटायच्या, सरळ झाला की विरायच्या. एका कागदावर चुकलं, तर पडद्यावर बाहीत उंदीर शिरल्यागत दिसतं.

कपाटाखाली तिला एक कागद सापडला. एकेचाळिसावा. हात सरळ, चुण्या मात्र वाकलेल्या हाताच्या. रेघा इतक्या दाबलेल्या, की मागून बोटाला लागाव्यात.

"ओदालिस, हे तू काढलंस?"

"नाही गं ताई. हा प्रसंग उस्तादांनी मला दाखवलाच नाही. पुरा झाल्यावर बघ म्हणाले."

नेरेइदा उस्तादाच्या मेजाशी गेली, मागोमाग साहेब आणि ओदालिस. म्हातारा कॉफी ओतत होता, कपाच्या आत बोट धरून. समोरचा आरसा धुळीनं माखलेला. त्या आरशात स्वतःचा हात हलवून बघितल्याशिवाय या माणसानं तीस वर्षांत एक बाही काढली नव्हती.

"या फौजदारीणबाई! झडती घेणार?"

"आरसा पुसत नाही का हल्ली?"

"थोबाड बघून कंटाळलो गं."

"मग चुण्या कशा काढता?"

"अंगातली बाही चाचपून. आरसा कशाला लागतो?"

नेरेइदानं त्याच्या हातात एक कागद दिला. "या चुण्या बघा बरं. बरोबर आहेत?"

त्यानं कागद खिडकीकडं धरला. बराच वेळ बघितला.

"छान. तिसरी जरा लांबलीय."

कागद कोरा होता.

साहेबानं तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, उस्तादांना बारीक रेघ दिसत नाही," नेरेइदा कशीबशी म्हणाली. "म्हणून दाबून काढतात, म्हणून कप बोटानं भरतात. आणि मेजाशी बसलं की हात वाकलेलाच असतो. चाचपून तीच चुणी हाताला लागणार. नायकानं हात सरळ केला तरी कागदावर तीच. आज तुम्ही सगळी चित्रं भराभर फडफडवून बघणार होता, चूक लगेच दिसली असती. त्यांनीच ती नेली."

"घरी आहेत, पलंगाखाली," म्हातारा म्हणाला. "पोरी, तुझ्यावर आळ येईल हे ध्यानातच आलं नाही माझ्या. नुसती भीती वाटली गं. हे काम गेलं तर मी कोण?"

ओदालिसनं शहाण्णवच्या शहाण्णव चित्रांच्या बाह्या पुन्हा काढल्या. खाली नाव उस्तादाचंच घातलं. उस्ताद मात्र त्यानंतर मेजाशी बसला नाही.

तो बघा, कठड्यावर समुद्राकडं तोंड करून बसलाय. जाता जाता एवढं करा माझ्यासाठी. त्याच्याजवळ टेका घटकाभर, आणि विचारा, भरली बादली उचलली की बाहीला चुणी कुठं पडते?