हिरवं पाणी आलं का?

आमची पहिली भेट त्याच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये झाली. मी कमोडमध्ये हिरवा रंग ओतत होते आणि तो तोंडात टूथब्रश धरून दारात उभा होता. याहून शोभेशी सुरुवात असती तर मी तीच सांगितली असती, पण खरं ते खरं.

"हे विषारी नाही ना?" त्यानं फेसाळल्या तोंडानं विचारलं.

"नाही. पण कपड्याला, हाताला लागला तर सहजासहजी जात नाही. राहतो तुमच्याबरोबर."

"बरंय की," तो म्हणाला. "कुणीतरी राहील."

मी मान वर करून पाहिलं. केस विस्कटलेले, पायजमा एका पायावर वर चढलेला, आणि डोळ्यांत अशी काही मिस्कील चमक, की मी झाकण उगाचच दोनदा घट्ट केलं.

मी नगरपालिकेच्या नदी विभागात काम करते. गल्ल्यांखाली दोन पाइप असतात. एक घरांचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे नेतो. दुसरा फक्त पावसाचं पाणी सरळ ओढ्यात सोडतो. या गल्लीतल्या कुठल्यातरी घराचं सांडपाणी चुकून दुसऱ्या पाइपात जोडलं गेलं होतं. रोज सकाळी ओढ्यात साबणाचा फेस यायचा आणि दुपारी वास. ते घर शोधायचं, तर एकानं घरात रंग ओतायचा आणि दुसऱ्यानं ओढ्याकाठी पाइपच्या तोंडाशी उभं राहून तो येतो का पाहायचं.

आमच्या साहेबांना हा उद्योग मान्य नव्हता. "शोधत कशाला बसायचं? वरून स्लॅब टाका, त्यावर पार्किंग करा. झाकला ओढा सव्वा लाखाचा," असं ते म्हणायचे. महिनाअखेर नगरपालिकेची समिती पाहणीला येणार होती. तोवर घर सापडलं नाही, तर स्लॅब नक्की. तो ओढा वाचावा असं मला मनापासून वाटत होतं. लहानपणापासून मी त्याच्या काठानं चालत आले आहे.

सुरुवात या घरापासून केली, कारण ते नदीमित्र मंडळाच्या अध्यक्षांचं होतं. त्यांनीच आग्रह धरला होता, "आधी माझं घर तपासा. लोकांना उदाहरण राहील." टूथब्रशवाला हा त्यांचा मुलगा, दातांचा डॉक्टर.

माझा सहकारी कंबर धरून रजेवर गेला होता, हे ऐकताच डॉक्टर म्हणाला, "पाइपपाशी मी थांबतो की. क्लिनिक उघडायला वेळ आहे." आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याला, कापूसला, घेऊन तो ओढ्याकडे गेलासुद्धा. मी फोन लावला.

"पोचलात?"

"पोचलो. कापूसही पोचला. आता काय करायचं?"

"पाइपच्या तोंडाकडे बघत राहायचं."

"मॅडम, दिवसभर मी तेच करतो. लोकांच्या तोंडाकडे बघत राहतो."

मी हसू दाबून फ्लश ओढला. "हिरवं पाणी आलं का?"

पलीकडे कापूसनं पाण्यात उडी मारल्याचा आवाज...

"नाही," तो म्हणाला. "नाही आलं."

"थोडं थांबा."

"थांबतो. कितीही."

ते 'कितीही' त्यानं जरा जास्तच सावकाश म्हटलं, आणि मी रिकाम्या बाथरूममध्ये आरशाकडे बघून केस नीट केले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. मी गल्लीतल्या एकेका घरात शिरायचे, तो तिकडे काठावर बसायचा आणि मध्ये फोन. लोकांच्या बाथरूममध्ये उभं राहून मी आयुष्यात इतकं कधी हसले नव्हते. एका आजोबांनी तर बाहेरून दार वाजवून विचारलं, "बाई, आत सगळं ठीक ना?"

"मॅडम, कुठल्या घरात आहात?"

"निळ्या फाटकाच्या. फरशी गुलाबी आहे."

"तुम्हाला गुलाबी आवडतो?"

"मला हिरवा आवडतो. आला का?"

"नाही आला... पण येईल. माझा आशेवर विश्वास आहे."

"माझा पाइपवर आहे. तिकडे बघा."

एकदा मध्येच सरी आल्या. पावसाचं पाणी पाइपात आलं की रंगाची परीक्षा बाद, म्हणून काम थांबवून मी ओढ्यावर गेले आणि आम्ही दोघं तिथल्या पादचारी पुलाखाली उभे राहिलो. पाण्यावर थेंबांची वर्तुळं उमटत होती, त्याच्या भिजल्या शर्टाला साबणाचा वास होता, आणि बोलायला काही न सुचल्यामुळे मी पाइपच्या वरच्या अंगाचा, जिथे फेस पोचत नाही तिथला एक दगड उचलून उलटा केला. खाली बारीक, तीन शेपट्यांचे किडे सुळसुळत होते.

"हे फक्त स्वच्छ पाण्यात राहतात," मी म्हणाले.

तो अगदी जवळ झुकला. "दात आहेत?"

"जबडा आहे."

"मग माझे पेशंट."

मग मी त्याला पाइपच्या खालच्या अंगाचा दगड दाखवला. बुळबुळीत, काळा, आणि खाली कुणीही नाही. "साबण," मी म्हणाले. "यांचा श्वासच बंद होतो."

त्यानं तो दगड माझ्या हातातून घेतला आणि बघतच राहिला. मला वाटलं, किती हळवा माणूस आहे. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ते घर सापडलं, की तुम्ही...?"

"त्याच दिवशी दुसऱ्या ओढ्यावर."

"हं," तो म्हणाला आणि पाऊस थांबेपर्यंत हातातला दगड नुसता फिरवत राहिला.

शेवटचं घरही झालं. हिरवं पाणी कुठूनच आलं नाही. समिती परवा येणार होती आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. मी अध्यक्षांच्या स्वयंपाकघरात बसले होते. काकूंनी, म्हणजे डॉक्टरच्या आईनं, कॉफी पुढे केली आणि माझं पडलेलं तोंड पाहून त्या मला बोलण्यात रमवायला लागल्या.

"रंग मात्र तुझा पक्का हं. पहिल्या दिवशी कापूस ओढ्यातून आला तो हिरवागार. दोनदा शाम्पू लावला मी. पोटाखाली बघ, अजून आहे."

कापूस आपलं नाव ऐकून खुशीनं उताणा झाला. पोट पोपटी होतं.

पहिल्या दिवशी मी रंग एकाच घरात ओतला होता. याच घरात. आता डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

मी बाहेर अंगणात आले. तो मागोमाग आला.

"तू खोटं बोललास," मी म्हणाले.

"हो."

"बाबांसाठी?"

"अर्धं बाबांसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांचं शाळेत भाषण होतं, आपलं घर आपला ओढा म्हणून."

"आणि उरलेलं अर्धं?"

"हिरवं आलं म्हटलं असतं, तर तुम्ही त्याच सकाळी निघून गेला असतात."

ते ऐकून मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचा इतका राग आला, की कान तापले.

"तुझ्या या अर्ध्या-अर्ध्यात तिकडे एकेक दगड मेलाय. परवा समिती स्लॅब मंजूर करेल. तुला तो ओढा पुसून टाकायचा होता का?"

"नाही." मग अगदी हळू, "तुम्ही मला पहिल्यांदाच 'तू' म्हणालात."

"रागात."

"तरी..."

मी रंगाची बाटली अंगणातल्या कट्ट्यावर ठेवली. "हे मी साहेबांना आजच सांगू शकते. पण सांगायचं तुझ्या घरच्यांनी. काय करायचं ते तू ठरव." आणि निघाले. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते फाटकापर्यंत टिकलं. तो बाटलीकडे बघत उभा होता, आणि कापूस त्याच्या पायावर पाय ठेवून बसला होता.

समितीच्या दिवशी काठावर ही गर्दी. साहेब स्लॅबचा नकाशा घेऊन सज्ज. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले होते आणि आता थांबण्याची काही चिन्हं नव्हती. डॉक्टरचा पत्ता नव्हता. तो आला नाही तर मलाच तोंड उघडायला लागणार होतं.

"या संपूर्ण पाणलोटाचा गुन्हेगार," अध्यक्षांनी बोट उंचावलं, "आपल्यातच लपलेला आहे! तो कोण?"

माझा फोन वाजला.

"पोचलात?" त्याचा आवाज.

"पोचले."

"काल दिवसभर बाबांना सांगायचा प्रयत्न केला. लोकांना 'आ करा' म्हणणारा मी, माझंच तोंड उघडेना. आता फ्लश ओढतोय. फोन त्यांच्याजवळ धराल?"

मी फोनचा आवाज मोठा केला आणि हात पुढे केला.

"बाबा, मी घरून बोलतोय. आपल्या वरच्या बाथरूममधून. हिरवं पाणी आलं का?"

सगळ्यांनी पाइपकडे पाहिलं. आधी थोडा फेस आला. आणि मग लख्ख हिरवी धार ओढ्यात उतरली.

अध्यक्षांनी धारेकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, समितीकडे पाहिलं.

"आलं," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "वरची बाथरूम बांधली तेव्हा प्लंबर म्हणाला होता, सांडपाण्याच्या पाइपापर्यंत अंगण खणावं लागेल. मी म्हटलं, जवळ जो असेल त्याला जोड."

"दिव्याखाली अंधार," समितीच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी घसा साफ केला. बोट अजून वरच होतं; ते त्यांनी सावकाश स्वतःच्या छातीकडे वळवलं. "तर, गुन्हेगार सापडलेला आहे. समितीनं नोंद घ्यावी. उद्यापासून माझं अंगण खणलं जाईल."

"आणि स्लॅब?" साहेबांनी नकाशा पुढे केला.

"रोग सापडला असताना रोग्याला पुरायचं कशाला?" बाई म्हणाल्या, आणि हिरव्या पाण्यापासून आपल्या चपला वाचवत काठ चढून गेल्या.

ओढा वाचला. त्याच दिवशी माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ओढ्यावर झाली. मी फोन केला नाही, त्यानंही केला नाही. माझ्या सहकाऱ्याची कंबर सुधारली होती. मी विचारायचे, "आलं का?" तो म्हणायचा, "नाही," आणि फोन ठेवायचा. चांगला माणूस. पण 'थांबतो, कितीही' असं काही तो कधी म्हणाला नाही. मला करमेना. मावशीकडे मी राहते, ती म्हणाली, "गटाराचा वास सहन होतो, तुझा हा चेहरा नाही. जा एकदाची तिकडे."

नशिबानं नियम धावून आला. जोडणी सुधारली, की काही आठवड्यांनी पुन्हा रंग ओतून खात्री करायची असते. काकूंनी दार उघडलं. अंगणात नवं गवत आलं होतं. "त्याचे बाबा त्याच्याशी आता बोलतात," त्या कुजबुजल्या, "म्हणजे भाषणच देतात. तो केव्हाचा ओढ्यावर जाऊन बसलाय."

मी वर गेले, रंग ओतला. घाईत बोटं हिरवी झाली. फोन लावला.

"हिरवं पाणी आलं का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. कापूसला वर पाठवू का, पोट तपासायला?"

मी फोन ठेवला आणि स्वतः खाली गेले. पाइपच्या तोंडाशी काही नव्हतं. कापूस भिजलेला होता, पण नखशिखांत पांढरा. डॉक्टर पँट दुमडून पाण्यात उभा होता.

"विश्वास नाही?"

"बघायला आले."

"पाणी?"

मी चपला काठावर काढल्या. त्यानं खालच्या अंगाचा एक दगड उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. कडेला एकच, अगदी बारीक, तीन शेपट्यांचा.

"माझा पहिला पेशंट परत आला," तो म्हणाला. मग त्यानं दगड होता तसा हळूच खाली ठेवला. "आता काम संपलं. तू जाशील. म्हणून आज पूर्ण खरं सांगतो, अर्धं नाही. मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी हेच सांगायचं होतं... घाबरून 'नाही आलं' म्हणालो."

"तू मला 'तू' म्हणालास."

"रागात नाही."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "कधीपासून ते विचारू नकोस. बाथरूमचं नाव घ्यावं लागेल."

तो हसला आणि मला पाण्यात उतरवायला त्यानं हात पुढे केला. मी धरला. सोडला तेव्हा त्याच्या तळव्यावर माझी बोटं हिरवी उमटली होती. त्यानं ती पाण्यात चोळून पाहिली, शर्टाला पुसून पाहिली.

"हे जाईल ना?"

"सहजासहजी नाही," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."