रिकामी, शांत, ओसाड खोली

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्या वेळी माझ्या हातात शेजारणीचा पितळी बत्ता होता.

आणि ही रात्रीचीही नाही. ऑगस्टमधला मंगळवार, भर दुपार. आमच्या नाबुल गावात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या लावून सगळं गाव आडवं झालेलं असतं.

जिच्यावर हे बेतलं ती माझी धाकटी जाऊ, दलेंदा. तिचा नवरा लझहर हम्मामेतच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. घरात दलेंदा, तिची तेव्हा सहा महिन्यांची असलेली दुर्रा आणि आमची सासू, लल्ला शाद्लिया. 'लल्ला' आम्ही मानाने म्हणतो. सासूबाईंबद्दल मी वाईट बोलणार नाही. मी दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणून आमचं चांगलं जमतं.

दलेंदा ऑनलाइन माल विकणाऱ्यांना फोटो करून देते. तिच्याकडे ना कॅमेरा, ना दिवे. कुंभार त्याच्या मडक्याचा साधा फोटो पाठवतो, ही एआयला प्रॉम्प्ट देते, आणि तेच मडकं एखाद्या हवेलीत ठेवल्यासारखं दिसायला लागतं. सगळी खुबी सांगण्यात.

"मोंजिया, एआय म्हणजे नवीन लागलेला नोकर समज," ती मला म्हणायची. "नुसतं 'छान फोटो कर' म्हटलंस तर तो वाट्टेल ते आणून ठेवेल. वस्तू कोणती, कशावर ठेवलीय, उजेड कुठून येतोय, मागे काय आहे, किती जवळून बघायचंय... एवढं नीट सांगितलं की बिचारा चुकत नाही."

कडेवर दुर्रा असायची, त्यामुळे ती टाइप करत नसे. फोन तोंडापाशी धरून बोलायची.

त्या आठवड्यात मुख्तारचं काम आलं होतं, मानाने सगळे त्याला सी मुख्तार म्हणतात. म्हातारा नारिंगाच्या फुलांचा अर्क काढतो. त्याला बाटल्यांचे चाळीस फोटो हवे होते, सगळे एकाच खोलीतले. दलेंदाने सरळ स्वतःच्या खोलीचा फोटो एआयला दिला. पांढरी भिंत, कोनाडा, निळ्या जाळीची खिडकी.

पण प्रत्येक फोटोत कुठून तरी एक हात यायचा.

तिने सांगितलं, "माणूस नको." तर बाटलीमागे बाई आली. "बाई नको" म्हटलं तर दोन आल्या.

सी मुख्तारचा फोन आला. "पोरी, मी अर्क विकतो, बायका विकत नाही. माझ्या हिने हे पाहिलं तर मलाच बाटलीत भरून बूच लावेल!"

दलेंदा खूप हसली. मग तिच्या लक्षात आलं. एआयला 'नको' कळतच नाही. ज्याचं नाव घ्याल ते तो आणतो. म्हणजे नको असलेल्याचं नावच घ्यायचं नाही, हवं तेवढंच सांगायचं.

तिने सांगितलं, "रिकामी, शांत, ओसाड खोली."

फोटो अगदी मनासारखा आला.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. आमच्यात 'रिकामं' हा शब्द घरात काढत नाहीत. पिठाचा डबा संपला तरी 'भरायचाय' म्हणायचं. एकदा रिकामं म्हटलं की ज्यांना जागा हवी असते त्यांच्या कानावर जातं, असं सासूबाई मानतात. ते कोण, हे विचारायचं नाही.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुठली खोली ओसाड गं?"

"लल्ला, फोटोतली."

"फोटोत भिंत कुणाची आहे?"

"...आपलीच."

"माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेली भिंत! तिच्या आडोशाला बसून, मांडीवर लेकरू घेऊन, ओसाड म्हणतेस? जीभ आहे की कात्री?"

दलेंदाने तेव्हा माफी मागितली. नंतर ती तेच हळू आवाजात म्हणायला लागली. एकेका फोटोला पाच-सहा खेपा व्हायच्या. तीन दिवसांत तिने त्या खोलीत बसून दोनशे वेळा तरी ते शब्द उच्चारले असतील.

मग तो मंगळवार.

दीड वाजता मिरच्या तळल्याचा वास आला. मग चमच्यांचा आवाज. पण सासूबाईंनी तिला जेवायला हाक मारली नाही. अजून रुसल्या असतील, असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने लझहरचा फोन आला.

"हॅलो? दलेंदा? हॅलो...?"

"अहो बोला ना, ऐकतेय मी!"

"हॅलो...?" त्याने फोन ठेवून दिला. हिने नेटवर्कला दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा कामाला लागली.

अडीच वाजता बाहेर सपातांचा आवाज आला. खिडकीची झडप उघडली. जाळीतून सासूबाईंनी आत पाहिलं.

दलेंदा समोरच गादीवर बसली होती. मांडीवर दुर्रा झोपलेली. ती सासूकडे बघून हसली.

सासूबाईंची नजर तिच्यावरून गेली... आणि थांबलीच नाही.

"गेली वाटतं आईकडे. पोरीला घेऊन, एका शब्दाने न सांगता," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी झडप लावली. खोलीच्या पंख्याचं बटण बाहेर, व्हरांड्यात आहे. ते बंद केल्याचा आवाज आला. उगाच बिल कशाला चढवायचं, हा त्यांचा नेहमीचा हिशेब.

मग दाराची बाहेरची कडी... खट्.

"लल्ला! अहो, मी आत आहे!"

सपाता शांतपणे दूर गेल्या.

तिने दार वाजवलं. आधी बोटांनी, मग मुठींनी. झडपेच्या फटीतून बाहेरच्या कठड्यावर झोपलेलं मांजर दिसत होतं. खडा पडला तरी पळणारं ते मांजर. त्याने कानसुद्धा हलवला नाही.

त्या गोंधळाने दुर्रा जागी झाली आणि रडायला लागली.

आता ऐका. आमच्या सासूबाई अजानने उठत नाहीत, पण दुर्रा नुसती शिंकली तरी ताडकन उठून बसतात. दलेंदा भिंतीला कान लावून थांबली.

भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येत होता.

तेव्हा तिला खरी भीती वाटली.

तिने मला फोन केला. हो, मलाच. मी उचलला, आठवतंय. पलीकडे काहीच नव्हतं. श्वाससुद्धा नाही. मी "कोण आहे, झोपेचं खोबरं केलं" म्हणून ठेवून दिला. त्याची बोच मला अजून आहे. तिचे मेसेज जाईनात. जो माणूस उचलेल तो "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचा.

पंखा बंद, झडप बंद, आणि वाळवंटाकडून येणारा गरम वारा. खोली तापायला लागली. दुर्रा दूध घेईना. रडून रडून तिचा घसा बसला, अंग भट्टीसारखं झालं, चेहऱ्यावर लाल चट्टे उठले. साडेतीन वाजले. दलेंदाला एवढंच कळत होतं, की संध्याकाळपर्यंत दार उघडलं नाही तर ही पोर वाचणार नाही.

तिचं ऐकणारं त्या खोलीत एकच होतं.

ती फोनमध्ये म्हणाली, "दार उघड."

लगेच फोटो आला. तीच भिंत, तोच कोनाडा. शेजारी काळ्या खिळ्यांचं सुंदर निळं दार, उघडं. तिने वर पाहिलं. भिंत कोरी होती. तरी तिने जाऊन दोन्ही हातांनी चाचपून पाहिली.

मग ती गादीवर बसली. रडली नाही, ती वेळ नव्हती. विचार केला... मीच या खोलीला रिकामी म्हटलं. आता मीच हिच्यात माणूस घालते.

"खोलीत गादीवर बसलेली एक बाई."

फोटो आला. गादीवर एक बाई होती. गोरी, लांब मानेची, अनोळखी.

पलीकडचं घोरणं थांबलं.

सपाता आल्या. झडप उघडली. सासूबाईंनी आत पाहिलं, आणि या वेळी त्यांची नजर थांबली.

"या अल्ला! कोण गं तू?"

"लल्ला, मी! दलेंदा!"

"माझ्या सुनेच्या गादीवर काय करतेस? माझी सून कुठे आहे? सांग, कुठे आहेत माझ्या पोरी?"

सासूबाई नंतर मला म्हणाल्या, ती बाई नुसते ओठ हलवत होती. आवाज नव्हता. आणि तिची मांडी... मोकळी होती.

त्या झडप आपटून लावत, ओरडत अंगणात पळाल्या. तिथून त्यांनी मला फोन केला. "घरात परकी बाई घुसलीय, हाताला लागेल ते घेऊन ये!" मी शेजारणीचा बत्ता उचलला आणि धावत सुटले.

इकडे दलेंदाला उमगलं, की जसं सांगू तसंच बाहेरच्यांना दिसणार. तेव्हा तिने जन्मात सांगितला नसेल इतका नीट प्रॉम्प्ट सांगितला. चौतीस वर्षांची बाई. सावळी, बुटकी. पुढचा एक दात किंचित तुटलेला. डाव्या मनगटावर तव्याचा डाग. हिरवा घरातला झगा, खांद्यावर दुधाचा ओघळ. उजेड नाही, झडप बंद. घाबरलेली. मोठ्याने हाका मारणारी.

हाका मारणारी, हे तिला सुचलं. हुशार बाई.

मग दुर्रा. हातात ती तडफडत होती. अंगणात आमचे आवाज यायला लागले होते. घाई होती. महिनाभरापूर्वीच दलेंदाने बाळांच्या दुपट्यांचे साठ फोटो केले होते आणि एकच ओळ जिभेवर बसली होती. ती तिने म्हणून टाकली.

"मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. डाव्या कानामागे तीळ. गुटगुटीत, शांत, हसणारं."

रडं मध्येच तुटलं.

हळूहळू कमी झालं नाही. अर्ध्या हुंदक्यातच... बंद.

त्याच क्षणी आम्हाला व्हरांड्यात दलेंदाच्या किंकाळ्या ऐकू आल्या. मी कडी काढली. बत्ता वर उगारलेला. आत दलेंदा होती, आमचीच, घामाने निथळत होती. तिने मला मिठी मारली ती सुटता सुटेना. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि तिचे पाय धरून रडायला लागल्या. त्यांना कुणाचे पाय धरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि दुर्रा आमच्याकडे बघून हसत होती. चट्टे नाहीत, ताप नाही, डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही.

आम्ही अल्लाचे आभार मानले. मला वाटलं, संपलं.

त्याला आता चार महिने झाले.

दुर्रा तेव्हापासून रडलेली नाही.

तिला लसीला मीच घेऊन गेले होते. सुई टोचली, ती हसली. नर्स म्हणाली, "किती गुणी बाळ!" पलंगावरून पडली, ओठ फुटला, रक्त आलं, हसतच होती. डॉक्टर म्हणतात, सगळं उत्तम आहे, नशीबवान आहात. तिला भूक लागली हे कळायलासुद्धा दलेंदाला आता घड्याळ बघावं लागतं.

खोलीला सासूबाईंनी कुलूप घातलंय. सी मुख्तारचं काम परत पाठवलं.

पण भर दुपारी, गाव झोपल्यावर... त्या कुलपामागून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येतो. घसा बसलेला. आम्ही तिघींनी ऐकलाय. कुलूप काढलं की थांबतो. आत कोणी नसतं. कुलूप लावून चार पावलं गेलं की पुन्हा सुरू.

दलेंदा रोज त्या दाराशी बसते. फोनमध्ये नीट, सावकाश सांगते, "माझं बाळ. सहा महिन्यांचं. डाव्या कानामागे तीळ. रडून लाल झालेलं." काहीही सांगितलं तरी फोटो एकच येतो. पांढरी भिंत, कोनाडा, गादी. आणि कोणीच नाही.

गेल्या शुक्रवारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने दुर्राला माझ्या मांडीवर दिलं आणि दाराला कान लावला. आत हुंदके चालू होते.

"मोंजिया," ती हळूच म्हणाली, "खरं सांग. मी त्या दिवशी बाहेर कुणाला आणलं?"

मी खाली पाहिलं. पोर माझ्याकडे बघून हसत होती. माझे हात आपोआप सैल पडले. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी तिला पुन्हा जवळ घेतलं.

दलेंदाने ते पाहिलं होतं.